आस्मानीची चौकशी

आमच्या माळव्यात आस्मानी आणि सुलतानी यांची नावं एका दमात घेतात. चौकशीचा प्रसंग आला की मात्र आस्मानीची चौकशी सुलतानी करी, स्वतःला निर्दोष ठरवी, आणि मेलेल्यांच्या नशिबाला बोल लावून मोकळी होई. या रीतीत फरक करायचा एकदा प्रयत्न झाला. त्या प्रयत्नात मी होतो, आणि त्या आठवड्यात मी जितका घाबरलो तितका त्याआधी किंवा नंतर कधी घाबरलो नाही.

नालछ्याच्या पुढे पठार संपतं आणि खाली निमाडचा उतार लागतो. तिथल्या एका लहानशा जहागिरीत वैशाखात लग्नाचा मांडव वादळाने कोसळला. मधले सागवानी खांब माणसांवर आले. बायका आणि मुलं जास्त मेली, कारण मानाच्या कडा पुरुषांनी धरल्या होत्या आणि बायका-मुलांना मधोमध बसवलं होतं. जहागिरीने लगोलग चौकशी केली. ती ज्या कारभाऱ्यांनी केली त्यांच्याकडेच लग्नाची सगळी व्यवस्था होती, त्यामुळे माहिती गोळा करायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. निकाल असा लागला की दोर कुजके होते. दोर धारच्या डेरेवाल्याचे. म्हणून डेरेवाला कोठडीत.

हा डेरेवाला आमच्या गल्लीतला. आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाच्या कनाती त्याच्याच असत. त्याची बायको रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसे. काही मागत नसे. माझ्या घरातून पाणी दिलं की पिई आणि बसून राही. त्या जहागिरीच्या कोठडीची ख्याती सर्वांना ठाऊक होती. तिथे पावसाळा काढलेला माणूस सहसा दसरा पाहत नसे. वैशाख संपत आला होता.

मेलेल्यांत शेजारच्या दोन संस्थानांतले पाहुणेही होते, म्हणून बोभाटा छावणीतल्या इंग्रज साहेबापर्यंत गेला. साहेब नवा होता, आणि नव्या माणसाला कल्पना सुचतात. त्याने फर्मावलं की वादळ, गारपीट, पूर अशा संकटांच्या चौकशीसाठी एक मंडळ असावं. ते कोणत्याही दरबाराच्या, कोणत्याही खात्याच्या ताब्यात नसावं. आणि त्याने फक्त काय घडलं आणि का घडलं एवढंच सांगावं. कल्पना चांगली होती. सर्व दरबारांनी तिचं स्वागत केलं आणि पहिली चौकशी दुसऱ्याच्या हद्दीत व्हावी अशी इच्छा दर्शवली.

सभासद तीन. अध्यक्ष देवासचे एक निवृत्त न्यायाधीश. एकाच गावात दोन राजे नांदतात अशा ठिकाणी ज्याने उभी हयात न्यायदान केलं, त्याला तटस्थपणा वेगळा शिकवावा लागत नाही. दुसरे एक इंजिनियर. ते इंदूरहून निघाले असं कळलं, पोचले असं कधी कळलं नाही. तिसरा मी. शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक मी रोज वाचत असे, एवढ्यावरून हवामानातला जाणकार म्हणून माझी वर्णी लागली.

"नाही म्हणून सांगा," घरातून आलं. "त्या जहागीरदारांची बहीण इथे दरबारात दिलेली आहे. उद्या शाळेतली मास्तरकी जाईल."

"आणि ओट्यावर बसते तिला काय सांगू?"

संध्याकाळी माझी वळकटी बांधून तयार होती.

अध्यक्षांनी निघण्यापूर्वी मंडळाचा पहिला नियम केला: चूल आपली. पीठ, डाळ, तूप, आचारी, सगळं देवासहून बैलांच्या दमणीत घालून आणलं होतं. "मास्तर, मी सोवळ्याचा माणूस," ते म्हणाले, "परक्याच्या हातचं खात नाही. जहागीरदारांना यात अपमान वाटणार नाही, उलट आदर वाटेल. मी तीस रुपयांवर मुन्सफ होतो तेव्हापासून हे सोवळं पाळतो आहे. घरी मी कांदाभजी खातो."

तेव्हा मला प्रथम वाटलं की या माणसाबरोबर राहिलो तर कदाचित धडपणे परत येऊ.

तिथे पोचलो तर आमच्या स्वागताला शामियाना उभा. जागा तीच. खांब तेच, फक्त रंग नवा दिला होता. मी खाली बसण्याआधी वर पाहिलं, आणि बसल्यावरही पाहत राहिलो. जहागीरदार उंच गादीवर, मागे चवरी ढाळणारा, बाजूला हात जोडून कारभारी, आणि समोर सारं गाव साक्षीला आणून बसवलेलं. आमच्यासाठी दोन खुर्च्या होत्या, गादीपेक्षा दोन बोटं खाली.

शामियान्यात येण्याआधी सकाळी आम्ही कोठडीत डेरेवाल्याला भेटलो होतो. तो भिंतीला टेकून होता. पाय सुजले होते. अध्यक्षांनी विचारलं तसं तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्साब, हवा म्हने थोडी बुलई थी?" वारा काय त्याने बोलावला होता? मग सांगितलं की आभाळ काळं झालं तेव्हा कनात उतरवू का, असं विचारायला तो गेला होता. त्याला सांगितलं, वर विचारतो. वरून उत्तर येण्याआधी वारा आला.

"वर म्हणजे कोणाला?"

"म्हने कंई मालम, साब. ऊपर."

बाहेर आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "खरं बोलतोय. पण त्याच्या एकट्याच्या बोलण्यावर काय लिहिणार?"

साक्षी सुरू झाल्या. प्रत्येक साक्षीदार उभा राहून एकच वाक्य म्हणे: वारा एकाएकी आला, काही सूचना नव्हती, दोर तुटला. इतक्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना इतकं एकसारखं आठवलेलं मी शाळेतही पाहिलं नव्हतं, आणि तिथे तर आम्ही पाठांतर घेतो.

दुपार कलली आणि हवा थांबली. चवरी ढाळणाऱ्याचा हात तेवढा हलत होता. कनातीच्या फटीतून मला दरीची कड दिसत होती. तिथून तांबडी धूळ वर येत होती, भिंत चढावी तशी. तिच्यामागे आभाळ जांभळं. वर्गात मी मुलांना हे फळ्यावर काढून दाखवत असे; खाली तापलेली हवा, वर गार हवा, बाण इकडून, बाण तिकडून. त्या बाणांखाली बसायचं कसं हे मी कधी शिकवलं नव्हतं.

खांब करकरला. सगळ्यांनी ऐकलं. बायकांच्या घोळक्यात एकीने मूल उराशी ओढलं. पण कोणी उठलं नाही.

मी कारभाऱ्यांकडे झुकलो. "लोकांना बाहेर काढा."

"सरकार बसलेत," ते ओठ न हलवता म्हणाले.

"मग सरकारांना सांगा."

"आपण होऊन बोलायची रीत नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन."

जहागीरदारांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते समोर बघत होते, आणि मला कळून चुकलं की तेही घाबरले आहेत, आमच्याइतकेच. पण वाऱ्याला भिऊन गादी सोडली असं त्यांच्या घराण्यात कोणाबद्दल म्हटलं गेलं नव्हतं. ते उठेपर्यंत कोणी उठायचं नाही, आणि कोणी सांगेपर्यंत ते उठायचे नाहीत. एवढी शिस्तबद्ध मरणाची तयारी मी पाहिली नाही.

साक्षीला एक म्हातारा पाटील उभा होता. अध्यक्षांनी आवाज न चढवता विचारलं, "पाटील, त्या दिवशी असंच झालं होतं का?"

पाटलाची नजर कनातीच्या फटीत. पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघेना. "असंच," तो म्हणाला. "अगदी असंच, साहेब."

"मग उठलात का नाही?"

"सरकार बसले होते."

तो बोलून गेला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. वारा शामियान्याच्या पोटात शिरला, छत फुगलं. मी खुर्चीचे हात धरून वर बघत राहिलो. अध्यक्ष मात्र उठले, उपरणं सारखं केलं, आणि कोर्टात बोलावं तसे बोलले, "ही दरबाराची सभा नसून मंडळाची बैठक आहे. बैठक तहकूब. पुढचं काम देवळात होईल. सर्वांनी निघावं."

क्षणभर कोणाला कळेना हे चालतं का. मग एका बाईने मूल काखेला मारलं आणि धावत सुटली. तिच्यामागे गाव. मी कसा पोचलो ते आठवत नाही. देवळाच्या दगडी खांबाला मिठी मारून उभा होतो एवढं आठवतं. गारा पडू लागल्या. मागे वळून पाहिलं तर शामियान्यात जहागीरदार एकटे गादीवर, आणि शेजारी कारभारी, हात जोडून.

गारांच्या त्या गडगडाटात देवळात माणसं बोलू लागली. अध्यक्ष एकेकाला जवळ घेऊन विचारत, मी लिहीत होतो. डेरेवाला विचारायला आलेला चौघांनी पाहिला होता. त्याला थांबवणारे कारभारी होते. गारा थांबल्या तशी पाचव्याने सांगितलं की त्याला काहीच आठवत नाही.

शामियाना मात्र पडला नाही. एक झालर फाटली, बस. जहागीरदार बाहेर आले, भिजलेले, आणि कारभारी आम्हाला म्हणाले, "पाहिलंत? दोर चांगला असला की काही होत नाही. आणि सरकारांच्या आधी उठलेले लोक आम्ही पाहिले." शेवटचं वाक्य त्यांनी गावाकडे बघून म्हटलं. माणसं देवळाच्या पायऱ्यांवरच थिजली.

आता डेरेवाल्याला तिथे ठेवणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. अध्यक्षांनी त्याला मागितलं. कारभारी म्हणाले, सरकार विश्रांती घेताहेत, उद्या विचारू. "विचारा की," अध्यक्ष म्हणाले, "तोवर त्याची जबानी धारला पुरी करतो. साक्षीदार मंडळाचा आहे. साहेबाच्या हुकमात तसं आहे." हुकमात तसं होतं की नव्हतं ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या आवाजाने पहारेकऱ्याचा हात कुलपाकडे गेला, आणि तो हात मागे जाण्याआधी आम्ही डेरेवाल्याला दमणीत घातलं होतं. निरोप न घेता निघालो.

तो रस्ता मी विसरलो नाही. उघडी काळी जमीन, आडोसा नाही, डोक्यावर अजून गुरगुरणारं आभाळ. वीज चमकली की मी वर बघे आणि काळोखी आली की मागे, घोडेस्वार दिसताहेत का म्हणून. डेरेवाला पिठाच्या रिकाम्या पोत्यावर अंग चोरून बसला होता. अध्यक्ष डोळे मिटून होते. मला वाटलं जप करताहेत. "मास्तर," ते म्हणाले, "खरं सांगू का, माझी छाती अजून धडधडतेय. आयुष्यात पहिल्यांदा राजाच्या आधी उठलो."

उजाडायच्या सुमारास धार आलं. दमणी आमच्या गल्लीत थांबली. ओट्यावर ती बसलेली होती. तिने नवऱ्याला पाहिलं आणि उभी राहिली, पण पुढे आली नाही. डेरेवालाही हलला नाही. अध्यक्षसाहेब बसले होते ना.

"अरे, उतर," अध्यक्ष म्हणाले.

"पेले आप, साब."

"माझे गुडघे धरलेत, मूर्खा! मला अर्धा तास लागेल. तू उतर!"

तो सुजल्या पायांनी खाली उतरला. आम्ही दोघं वर बसून राहिलो, ती नवराबायको भिंतीच्या आडोशाने आपल्या घराकडे वळेपर्यंत.