सुमनकाकूंच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

चेहऱ्याचा मालक कोण असतो? ज्याचा तो आहे तो, की ज्यानं त्याच्या चित्राची ऑर्डर दिली तो?

हिंदी मुलखातल्या आमच्या रांझीत, फोटोच्या दुकानात, भर दुपारी यावरच वाद चालला होता. वादात तिघं होतो. मी, दुकानाचे मालक अनुराग भैया आणि क्लायंट मंगेशदादा. ज्यांच्या चेहऱ्यावरून वाद होता त्या सुमनकाकू, म्हणजे मंगेशदादांची आई, तिथं नव्हत्याच.

काम साधं होतं. सुमनकाकू संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर होणार होत्या. सगळी नोकरी पुर्जे तपासण्याच्या सेक्शनमध्ये गेली. इकडची पद्धत अशी, की शेवटच्या दिवशी सेक्शनचे लोक गळ्यात हार घालून, ढोल वाजवत माणसाला घरापर्यंत सोडायला येतात. तेव्हा दारात काकूंचं मोठं पोर्ट्रेट सरप्राइज म्हणून उभं असावं, असं मंगेशदादांना वाटत होतं. चांगलीच इच्छा होती.

मी फोटोवरून मोबाइलवर पोर्ट्रेट करते. लोकांना वाटतं, बटण दाबलं की चित्र तयार. आम्हाला दोन ॲप लागतात. एकात फोटो साफ करायचा आणि मागचं बॅकग्राउंड काढून टाकायचं. दुसऱ्यात फोटोवर लेयर टाकायचे. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला ट्रेसिंग पेपर समजा. एकावर नाकडोळ्यांच्या रेषा, दुसऱ्यावर सपाट रंग. उजेडाचा एक, सावलीचा एक आणि मधल्या छटेचा एक. शेवटी खालचा फोटो बंद केला, की फक्त चित्र उरतं.

मंगेशदादांनी काकूंचा सेल्फी पाठवला होता. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून तो धुरकट झालेला. मी तो पहिल्या ॲपच्या एन्हान्समध्ये, म्हणजे फोटो आपोआप साफ करणाऱ्या बटणाखाली, टाकला. चेहरा लख्ख झाला. रंग उजळला. आणि कपाळावरची गोंदणाची रेघ, हनुवटीवरचे तीन ठिपके, सगळं गायब. ॲपला ते डाग वाटले. ज्यांनी त्याला डाग ओळखायला शिकवलं, त्यांनी गोंदलेली आई कधी पाहिली नसावी.

मी मूळ फोटोकडे परत गेले, तिथला रंग उचलला आणि गोंदण हातानं काढलं. पण ठिपके हनुवटीच्या मधोमध नव्हते, एका बाजूला होते. आता ही बाजू खरी कशावरून? काही फोन सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह करतात, डावं उजवीकडे जातं. म्हणून मी मंगेशदादांना दुकानात बोलावून विचारलं. त्यांना आठवेना. तेवढ्यात त्यांना स्क्रीनवर साफ केलेला फोटो दिसला आणि तोच आवडला.

"हाच ठेव ना," ते म्हणाले. "ठिपकेच नको. मग डावं-उजवं काहून शोधून राहिली?"

मी म्हटलं, हा काकूंचा चेहराच नाही. अनुराग भैयांनी कानातला इयरफोन काढला.

"क्लायंट जो बोले वो कर दे, प्राची. भाषण बाद में."

भाषण मी आधीच दिलं. माझे बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, आणि गोष्टींच्या पुस्तकांआधी मी ती वाचली. गोरेपणा विकणाऱ्या कंपन्या, गोंदणाला मागास म्हणणारे शहाणे, एकाला सोडलं नाही. मंगेशदादांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "शाळेत पोरं म्हणायचे, तेरी मम्मी के मुँह पे स्याही लगी है. तुला कोणी म्हटलं का कधी?"

मला कोणी म्हटलं नव्हतं. माझी पट्टी खाली आली. मी एवढंच सुचवलं, की काकूंना विचारू. त्या म्हणतील तसं करीन, साफ म्हणाल्या तर साफ. भैया डेडलाइनवरून कुरकुरले, पण कबूल झाले. मंगेशदादा म्हणाले, विचार, पण मी तिथं येणार नाही.

संध्याकाळी मी काकूंच्या घरी गेले. त्या ड्यूटीवरून येऊन मेथी निवडत बसल्या होत्या. आधी हनुवटी पाहिली. ठिपके डावीकडे होते. सेल्फी उलटाच होता. मग फोन त्यांच्या हातात दिला आणि दोन्ही चेहरे दाखवले.

साफ केलेला चेहरा त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला. म्हणाल्या, मंग्याला हे आवडलं असंल. त्याच्या शाळेतल्या मीटिंगला त्या पदरानं हनुवटी झाकून जायच्या. पोरगा काही बोलला नव्हता, पण त्यांना सगळं ठाऊक होतं. वरुडकडच्या त्यांच्या गावात, आईच्या मांडीवर बसून ते गोंदवून घेतलं होतं. आई गेली, एवढीच तिची खूण उरली.

मला वाटलं, मी जिंकले. तेवढ्यात त्यांनी माझं चित्र पाहिलं आणि हसायला लागल्या.

"हे तं तू बॅनर करून टाकलं, बाई. इतकं हिरवंगार कुठं आहे माझं गोंदण? आता फिक्कं पडलं ते. मिटवू नको, अन् मोठंही करू नको."

बरोबर होतं. वादाच्या भरात मी जाड ब्रशनं, गडद रंगात ठिपके ठोकले होते. मग आम्ही शेजारी बसून ओपॅसिटी कमी करत गेलो. ओपॅसिटी म्हणजे रंगाचा दाटपणा. मी स्लायडर सरकवायची, त्या म्हणायच्या, अजून, अजून, बस. मी अख्खं चित्र आडवं उलटवलं, तसे ठिपके डावीकडे आले. त्वचेचा रंगही त्यांनीच आपला हात फोनजवळ धरून ठरवला.

मी निघायच्या आधी त्यांनी मुलाला फोन लावला. "मंग्या, ठिपके डावीकडे आहेत. माहीत असू दे." पलीकडून काय उत्तर आलं, कळलं नाही. काकू नुसत्या हं म्हणाल्या आणि पुन्हा मेथी घेऊन बसल्या.

ढोल आले त्या दिवशी पोर्ट्रेट दारात उभं होतं. ते मंगेशदादांनी स्वतः टेबलावर ठेवलं होतं. त्यांच्या ऑफिसमधल्या एकानं ठिपक्यांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. दादा म्हणाले, "नानी ने गुदवाया था, बचपन में." अनुराग भैयांनी तेवढ्यात तीन नव्या ऑर्डरी घेतल्या. आता ते प्रत्येक क्लायंटकडून ज्याचा चेहरा आहे त्याचाही नंबर मागतात. त्यानं करेक्शन कमी होतात, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वानं नाही तर करेक्शनच्या वैतागानं, पण माणूस सुधारला.

म्हणून विनंती आहे. कुणाचं पोर्ट्रेट करायला द्याल, तेव्हा सरप्राइजचा हट्ट सोडा. छापायला पाठवण्याआधी त्या माणसाच्या शेजारी बसा, फोन त्याच्या हातात द्या, आणि स्लायडर त्यालाच सरकवू द्या.