सिस्टरांच्या गाडीवरचं नाव

सिस्टर शुद्ध बोलत असत तोवर घाबरायचं कारण नसे. 'आहे', 'नाही', 'रांगेत उभे राहा' हे सगळं नर्सिंग शिकताना कमावलेलं, इस्त्री केलेलं बोलणं. राग यायला लागला की त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा, आणि त्याच्याबरोबर भाषाही त्यांच्या कळस गावाला परतायची. 'नाही'चं 'न्हाय' झालं की दवाखान्यातला कंपाउंडर दोन पावलं मागं सरकायचा. आणि 'व्हय का?' असं त्यांनी हळूच विचारलं, की समोरच्याचं काही खरं नसे.

इंदापूर तालुक्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली. किती बाळंतपणं केली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्न केलं नाही. माणसाला पूर्ण नावानं हाक मारायची, ही त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. आमच्याकडं दत्तात्रयाचा दत्त्या आणि प्रमिलेची पमी व्हायला पाळण्यातून बाहेर पडायचीही वाट बघत नाहीत. सिस्टरांपुढं ते चालत नसे. एखादी आजी नातवाला 'ए काळ्या' म्हणाली, की सिस्टर हातातलं काम थांबवून विचारायच्या, "नाव ठेवलंय ना? मग वापरा की. झिजतंय का?" मी निरवांगीच्या शेतकरी घरातला. घरी दत्त्या, बारामतीत नोकरीला लागल्यावर दत्ता. आयुष्यात मला दत्तात्रय म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

त्यांची माझी ओळख झाली ती मोटारींच्या शोरूममध्ये. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. बारामतीत हळूहळू गाड्या वाढत होत्या आणि मी त्या विकत होतो. गळ्यात टाय, खिशात पेन, तोंडात साखर. मालकांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांच्या नावाची जाहिरात मी पुष्कळ केली, तेवढी पुरे.

सिस्टर नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पण बायका त्यांना निवृत्त होऊ देत नव्हत्या. वाडीवस्तीवरून कुणी सायकलवर, कुणी ट्रॅक्टरवर बोलवायला यायचं. अडलेल्या बाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलेलं त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं, की हातात फंड पडल्यावर त्यांनी पहिली गोष्ट ठरवली ती गाडी. दवाखान्याच्या जीपवरच्या ड्रायव्हरकडून, ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात त्या चालवायला शिकल्या. शोरूममध्ये आल्या तेव्हा मी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "मिस्टर आलेत का बरोबर?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "गाडी मिस्टर चालवतात का पाय?" पुढं मी काही विचारलं नाही. एक पांढरी छोटी गाडी त्यांनी अर्ध्या तासात पसंत केली.

पासिंग होऊन गाडी तयार झाली, त्या दिवशी त्या हार आणि नारळ घेऊन आल्या. गाडीला पुढून हळदकुंकू लावायला मालकांची माणसं सरसावली. त्यांना बाजूला करून सिस्टर नुसत्या गाडीभोवती फिरल्या, काचेवरून हात फिरवला, आणि मागं जाऊन थबकल्या. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला आम्ही आमच्या पाट्या लावायचो. काळ्यावर पांढरा नंबर, आणि खाली पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत शोरूमचं नाव, गाव, फोन. नंबरापेक्षा नावच मोठं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"ते असतंच, सिस्टर. सगळ्यांच्याच गाड्यांना असतं."

"गाडी कुणाची आहे?"

"तुमचीच की."

"मग हे काढा."

अजून भाषा शुद्ध होती म्हणून मी निर्धास्त होतो. पहिल्या सर्व्हिसिंगला आलात की बदलून देतो, असं म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटं होतं. असल्या खोट्याचा मला पगार मिळत होता.

पाचव्या दिवशी त्या परत आल्या. सुप्याच्या बाजूला एका वस्तीवर अडलेल्या बाईला आणायला गेल्या होत्या. सिस्टर आत तिला तपासत होत्या तोवर बाहेर तिच्या सासऱ्यानं गाडीची पाटी वाचली. ही शेठची गाडी, म्हणजे भाड्याची, उद्या दारात वसुलीला येतील, असं त्याच्या डोक्यात बसलं. गाडीत बसवायला तो तयार होईना. गाडी आपलीच आहे, हे त्याला पटवण्यात सिस्टरांचा अर्धा तास गेला. बाई आणि बाळ वाचले. पण तो अर्धा तास सिस्टर बरोबर घेऊन आल्या होत्या.

"दत्तात्रय," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाट्या काढतोस, का मी काढू? सांग. मला येळ न्हाय."

मी केबिनमध्ये गेलो. मालक म्हणाले, "काढायच्या तर काढू दे. पण आपली पाटी नसेल तर मोफत सर्व्हिसिंग मिळणार नाही म्हणून सांग." असा काही नियम नव्हता. मी बाहेर येऊन तो नियम सांगितला. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग वर्कशॉपमधून स्क्रूड्रायव्हर मागितला. मालक काचेआडून बघत होते, त्यामुळं कुणी देईना. त्यांनी पर्समधून एक जुनी सर्जिकल कात्री काढली, फरशीवर बसल्या आणि कात्रीच्या टोकानं स्क्रू पिळायला लागल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई. आम्ही पाच-सहा धडधाकट पुरुष उभे राहून बघत होतो. बोटातून रक्त आलं, ते पदराला पुसलं. दोन्ही पाट्या काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या आणि पुढच्या काचेला आतून कागदावर नंबर लिहून लावून इंदापूरला निघून गेल्या.

इंदापुरात शाळांचे फळे रंगवणारे एक म्हातारे पेंटर होते. त्यांच्याकडून सिस्टरांनी पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या. नुसता नंबर. पेंटरनं सवयीप्रमाणं कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव घातलं, तर तेही पुसायला लावलं. "तात्या, तुमचा राग न्हाय," त्यांना म्हणाल्या, "पण आज कुणाचंच नको."

हे सगळं इथंच मिटलं असतं. पण पहिल्या सर्व्हिसिंगला, पैसे भरून का होईना, गाडी आमच्याकडं आली, आणि संध्याकाळी त्या न्यायला आल्या तेव्हा मागंपुढं पुन्हा आमच्याच पाट्या होत्या. मालकांनी सांगून बसवून घेतल्या होत्या. पेंटरच्या पाट्या भंगारात.

सिस्टर सरळ केबिनमध्ये गेल्या. मी मागून गेलो. मालक हसतमुख होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि म्हणाले, "अहो बाई, तुमच्या लोकांच्या दारातसुद्धा आता गाडी आली, आम्हाला कौतुकच आहे त्याचं. खाली आमचं नाव असलं तर रस्त्यात चार माणसं मानच देतील तुम्हाला."

आजही हे वाक्य लिहिताना माझा हात गरम होतो. 'तुमच्या लोकांच्या'. किती सहज. चहात साखर किती, हे विचारावं तसं.

सिस्टर बसल्या नाहीत. इतक्या हळू बोलल्या की पंख्याच्या आवाजात मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"शेठ, माझ्या बापाला कळसात कुणी त्याच्या नावानं हाक मारली न्हाय. ज्याच्या दारात राबला, त्याचं नाव त्याला लावायचे. अमक्याचा गडी, तमक्याचा गडी. आमी बौद्ध झालो, मी शिकले, नोकरीला लागले, तरी बापाचं नाव गावाला ठावं नव्हतं. सखाराम नाव व्हतं त्याचं. म्हना एकदा."

मालक टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"म्हना की. सखाराम. अवघड न्हाय."

मालकांनी फोन उचलला आणि कुठला तरी नंबर फिरवला. केबिनमध्ये अकाउंटंट होता, सुपरवायझर होता, मी होतो. कुणीही ते नाव घेतलं नाही. मी तर जमिनीकडं बघत होतो.

"माझ्या पाट्या द्या," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या.

मी वर्कशॉपमागच्या भंगारात घुसलो. जुने सायलेन्सर, फुटके दिवे, ऑइलचे डबे. तासाभरानं दोन्ही पाट्या सापडल्या. एक दुमडली होती, ती दगडानं ठोकून सरळ केली. सिस्टरांच्या समोर बसून मी स्वतः त्या बसवल्या. शेवटचा स्क्रू आवळून वर बघितलं. मला वाटलं होतं, शाबास म्हणतील.

"पाट्या आणल्यास, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मगाशी आत तोंड कुठं ठेवलं व्हतंस?"

गाडी निघून गेली. मी हातात स्क्रूड्रायव्हर धरून तिथंच उभा होतो. आधी मला त्यांचाच राग आला. एवढं करून वर हे ऐकायचं! घरी जाईपर्यंत तो राग मालकांवर गेला आणि जेवायला बसलो तेव्हा फिरून माझ्यावर आला. तिथून तो हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "काल तुम्ही सिस्टरांना बोललात ते वाईट होतं. त्यांची माफी मागा." मालकांना आधी विनोदच वाटला. "का रे, तुझी आत्या लागती का ती?" मी म्हणालो, "कुणी लागत नाहीत. पण तुम्ही चुकलात." दुपारपर्यंत माझी नोकरी गेली. माफी त्यांनी मागितली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. अशी माणसं शेवटी ओशाळतात, असं गोष्टीत होतं. मालक ओशाळले नाहीत. त्यांचं दुसरं शोरूम निघालं.

मी हे सांगायला इंदापूरला सिस्टरांच्या घरी गेलो. वाटलं होतं, आता तरी शाबासकी मिळेल. त्या भडकल्या.

"मी तुला नोकरी सोडाय सांगितलं व्हतं का? बोलाय सांगितलं व्हतं!"

"बोललो म्हणूनच गेली, सिस्टर."

त्यांनी ताट वाढलं, आणि जेवण होताच मला गाडीत घातलं. तीन दिवस आम्ही तालुकाभर हिंडलो. ज्या ज्या घरात बाळंतपण केलं होतं, त्यातल्या हाताला काम देऊ शकणाऱ्या प्रत्येक घरापुढं त्यांनी गाडी उभी केली. कुणाचं डाळिंबाचं पॅकिंग, कुणाचा खतांचा व्यवसाय. ओळख करून द्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. "हा दत्तात्रय. प्रामाणिक आहे. बोलतो, पण एक दिवस उशिरा." चौथ्या दिवशी एका भाजीपाल्याच्या मालवाहतुकीत मला काम मिळालं. पुढं मी त्याच धंद्यात राहिलो.

त्यानंतर महिन्यातून एखादी चक्कर मी त्यांच्याकडं मारत असे. त्या कुणावर तरी चिडलेल्याच असायच्या. लेकीला चौथीनंतर घरी बसवणाऱ्या बापावर, तारीख संपलेलं औषध विकणाऱ्या दुकानदारावर, अंगावर दुखणं काढणाऱ्या बायकांवर तर फारच. "सांगायला काय जीभ झडते का?" असं म्हणून त्या त्यांना गाडीत कोंबून डॉक्टरांकडं न्यायच्या.

आणि त्याच सिस्टरांनी स्वतःच्या छातीतली गाठ वर्षभर कुणाला दाखवली नाही.

मला कळलं ते त्यांच्या भाचीकडून, त्यांना पुण्याच्या दवाखान्यात हलवल्यावर. मी भाड्याची गाडी करून गेलो. कॉटवर त्या एवढ्याशा दिसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "दत्तात्रय, वाटेत जेवलास का?" आणि माझा तोल गेला. मी ओरडलो. वर्षभर! तुम्ही, नर्स असून! सगळ्या तालुक्याला शिव्या घालत फिरलात आणि स्वतःला एकदा डॉक्टरपुढं उभं करता आलं नाही? आम्ही कोण तुमचे? कशासाठी यायचो तुमच्या दारात? शेजारच्या कॉटवरच्या बायका उठून बसल्या. भाची माझा हात ओढत होती. मला थांबता येत नव्हतं. मी काय काय बोललो, ते आता आठवतही नाही.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी कुणाचं एवढं ऐकून घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी गप्प झाल्यावर म्हणाल्या, "झालं?"

मी मान हलवली.

"मग पाणी दे."

मी पेला भरला आणि त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना पाणी पाजलं. दोन महिन्यांनी त्या गेल्या. माझा राग अजून गेलेला नाही.