लेकीच्या तब्येतीची जाहिरात

फळवाल्याला गल्लीत सगळे वैद्यबुवा म्हणायचे, आणि गडी त्यावर भलताच खूश! केळी घ्यायला जा, केळ्यांबरोबर व्याख्यान फुकट. पेरूत संत्र्याहून जास्त ‘क’ जीवनसत्त्व, केळ्यानं ताकद, सफरचंद खा ते सालीसकट. इथवर ठीक होतं हो. पण जीभ एकदा सुटली की तिला लगाम कुठला? “फळांत सगळं असतं,” असं ठोकून द्यायचा.

बापाचं ऐकून लेकीनं दूध, अंडी, मांस सोडलं, हळूहळू डाळींनाही नाक मुरडू लागली, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, नुसत्या फळांवर माणूस तगतं का?”

“फळवाला मी की तू?” झालं, विषय संपला. वर लेक दुकानात आली की गिऱ्हाइकांना सांगायचा, “ही बघा माझी पोरगी! वर्षं झाली, फळांवर आहे. दिसतंय का काही कमी?”

लेक शिंप्याकडे काजं-बटणं करायची. एक दिवस सुई बोटांतून सुटली, ती काही केल्या उचलता येईना. शिंप्यानंच तिला घरी आणून सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला. “अगं, फळं हवीतच. पण डाळी, कडधान्यं, दाणे कुठं गेले? आणि बी-ट्वेल्व्ह फळांत औषधालाही नसतं. दूध-अंडी सोडलीस ना, मग त्याच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. नसांवर आलंय हे. फळांवर भागतं म्हणून सांगितलं कुणी?”

बाप शेजारीच बसला होता.

“कुठंतरी वाचलं होतं,” लेक म्हणाली.

बाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही. एरवी एका केळ्यावर तासभर बोलणारा माणूस!

बाहेर पायऱ्या उतरताना त्यानं कसंबसं विचारलं, “माझं नाव का नाही घेतलंस?”

“घेऊन काय करू, बाबा? हाताला मुंग्या तर कधीपासून येत होत्या. पण तुम्ही येईल त्याला मला दाखवत होतात. मीच आजारी पडले म्हटल्यावर तुमचं हसं झालं असतं.”

तो जागच्या जागी वळला आणि आत गेला. बाकांवर निम्मी त्याचीच गिऱ्हाइकं बसली होती.

“डॉक्टर,” तो दारातूनच म्हणाला. “तिनं कुठं वाचलं नव्हतं. मी सांगितलं होतं. या सगळ्यांनाही मीच सांगत होतो.”