उंबऱ्याबाहेरची सून

माझी मोठी जाऊ तरफा हिच्या नाकावर राग जन्मापासूनच बसलेला असावा. आमच्या सासूबाई हैला, त्याही तशाच. या दोघींच्या मध्ये मी टिकले, याचं कौतुक अजून कुणी केलेलं नाही.

सौदीच्या नज्द भागातल्या आमच्या जुन्या गावाबाहेर सिमेंटची घरं उभी राहिली, तेव्हा सगळी आळी भांडीकुंडी उचलून तिकडे निघाली. एसी सोडून मातीच्या घरात कोण थांबतंय? सासूबाई थांबल्या. म्हणाल्या, "हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलंय. जायचं त्यांनी जा."

"आणि पाऊस झाला की छत कोण लिंपायचं? तुमचे सासरे?" तरफा म्हणाली.

"तू लिंपायचीस, म्हणून तर गळायचं."

झालं. तरफाने भर गल्लीत अल्लाची शपथ घेतली, की या घराच्या उंबऱ्याआत पुन्हा पाऊल टाकणार नाही.

शपथ घेतली खरी, पण सासूला उपाशी कसं ठेवायचं? रोज दुपारी तरफा भरडलेल्या गव्हाच्या जरीशचं पातेलं घेऊन जायची आणि दार ठोठावायची. आतून बराच वेळ काही नाही. मग आवाज यायचा, "आले, आले. चुलीपाशी होते. म्हातारीला पंख आहेत का?" दार फटीएवढं उघडायचं, पातेलं आत जायचं. मग तरफा बाहेरच्या ओट्यावर, सासूबाई दाराआड, आणि दोघींची जुंपायची.

"मीठ संपलं होतं का गं घरात?"

"मीठ आहे. तुमची चव गेलीय."

हे पार दुपार कलून अस्रच्या नमाजाची बांग होईपर्यंत. एकदा मी म्हटलं, आज मी नेते पातेलं. तरफाने माझ्याकडे असं बघितलं, की परत मी तो विषय काढला नाही.

दोन वर्षांनी सासूबाई झोपेतच गेल्या. पुरुषांनी त्यांना मशिदीजवळच्या न्हाणीत आणलं, तिथे तरफाने त्यांना शेवटची आंघोळ घातली. घरात मात्र ती गेली नाही. शपथ म्हणजे शपथ. मला तेव्हा तिचा फार राग आला होता.

आता त्या पडक्या गावाला वारसा म्हणतात. पाट्या लागल्या, दारांवरची नक्षी पुन्हा रंगवली, शहरातली पोरं फोटो काढायला येतात. आमच्या घराचंही लिंपण निघालं, आणि पाहुण्यांना तिथे माझे दीर, म्हणजे तरफाचे मालक मुतलक, कॉफी पाजणार असं ठरलं. त्यांच्या हातची कॉफी उंटानेसुद्धा थुंकून टाकावी अशी.

"बर्जसच्या आई, चल ना गं," ते तरफाला विनवायचे. "घरची मालकीण कुठाय, असं विचारतात लोक."

"सांगा, मेली."

"मग म्हणतील, दुसरी करा."

"करा की. तुमची कॉफी प्यायली की आपोआप पळेल."

अशातच एका संध्याकाळी लिंपणकाम करणारा इजिप्तचा शहाता आमच्या दारात आला. मुतलकना म्हणाला, "काका, तुमच्या जुन्या घराच्या दाराआत, अगदी मागेच, मातीचा ओबडधोबड ओटा आहे. बाकी कुठल्या घरात असला नाही. साहेब म्हणतात, उद्या फोडून टाक."

"आम्ही राहायचो तेव्हा नव्हता बाबा असला काही," मुतलक म्हणाले. "फोड."

आत तरफा खजूर निवडत होती. तिचा हात थांबला. तिथूनच तिने विचारलं, "केवढा आहे?"

"एका माणसापुरता, मावशी. बसून बसून मधे खळगा पडलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला गदागदा हलवून उठवलं आणि जरीशचं सगळ्यात मोठं पातेलं चढवायला लावलं. शपथ मोडायची तर दहा गरजूंना पोटभर जेवू घालायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पातेलं जुन्या घराच्या दारात नेलं, तर शहाताच्या टोळीत आठच माणसं भरली. दोन हमाल मी बाजारातून अक्षरशः ओढून आणले.

शहाता बोटं चाटत म्हणाला, "मावशी, अशा अजून चार-दोन शपथा मोडा."

"आधी ती कुदळ खाली ठेव," तरफा म्हणाली. मग तिने उजवा पाय उंबऱ्याआत टाकला. मी मागोमाग.

ओटा दाराला अगदी खेटून होता. तिथे बसल्या बसल्या कडीला हात पोचत होता. आणि चूल? चूल पार मागच्या अंगाला, अंगणापलीकडे. मी तरफाकडे बघितलं. ती त्या खळग्यात बसली होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"चुलीपाशी होते म्हणे," ती म्हणाली. "खोटारडी म्हातारी. इथेच बसलेली असायची."

मुतलकनी बिचकत विचारलं, "मग, फोडायचा का?"

"हात तर लावून बघा."

मी तिच्याजवळ खाली बसले. बराच वेळ ती दाराच्या फळीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मीसुद्धा आल्या आल्या ठोठावत नसे गं. आधी बाहेरच्या ओट्यावर बसून दम खायची. म्हातारीला वाटायला नको, सून धावत आली."