बॅनर धरलेला हात

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला अंबरनाथ पश्चिमेतलं ते बुद्धविहार आठवतं. मी विहाराची वेबसाइट केली होती आणि अध्यक्षांना लॅपटॉपवर तिची फोटो गॅलरी दाखवत होतो. वेबसाइटच्या तयार साच्यातली, म्हणजे थीममधली, आयती गॅलरी प्रत्येक फोटो चौकोनी कापून फक्त मधला भाग ठेवायची, त्यामुळे मधोमध उभे, हार घातलेले अध्यक्ष सगळीकडे शाबूत होते. तेवढ्यात, शेजारी बसून बघत असलेल्या, नुकत्याच वारलेल्या एका कार्यकर्त्याच्या पत्नीने स्क्रीनवर बोट ठेवलं. तिथल्या फोटोत बॅनरच्या टोकाला नुसता एक हात उरला होता, कारखान्यात करंगळी गेलेला. "हा ह्यांचा हात आहे. मग हे कुठे गेले?" मी तिथेच बसून ती कापाकापी बंद केली. फोटो लांबट-आखूड होऊन पसरले, आणि कडेला ते दिसले, बॅनर ताणून धरलेले. "हे काय, सगळं वाकडंतिकडं! आधी कसं चकाचक होतं," अध्यक्ष म्हणाले. "असू द्या ना, भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यात आहातच. हे आत्ता आलेत." अध्यक्षांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ती गॅलरी बघून लोक आजही नाक मुरडतात; मी तिला हात लावलेला नाही.