मावशीची फरशी

मावशी चालताना पुढे बघत नसे, खाली बघत असे. मंगरूळपीरजवळच्या सोयाबीन बियाण्याच्या कारखान्यात आम्ही बाया डोक्यावर घमेली वाहायचो, आणि आमच्या वाटेवर आधी आमच्यातल्याच या मावशीचा फडा, म्हणजे झाडू, फिरायचा. सांडलेला दाणा पायाखाली आला की गोटीवर पाय पडल्यासारखा माणूस निसटतो. "दाना एवढूसा, पन पूरा मानूस पाडते," असं ती म्हणायची.

चपला ती सगळ्यांना दाराशीच काढायला लावी. स्वतः तर अनवाणीच. कोणी घाई केली की म्हणे, "काहून पळून राह्यली वं? तुह्यी वरात निंगाली काय?" मी नवीन होते, बोलत नसे. माझं घमेलं मी न सांगता ती उतरवून घ्यायची.

मालक येणार असले की धूळ बसावी म्हणून मुकादम फरशीवर पाणी शिंपडायला लावायचा. ओल्या सोयाबीनची साल सुटते, फरशी साबणासारखी होते. त्या दिवशी बादली त्यानं माझ्या हातात दिली. मी ती भरून फरशीभर शिंपडली.

फरशी सुकल्याशिवाय कोणी घमेलं उचलायचं नाही, असं मावशी म्हणाली. मग घरी बस, मुकादम म्हणाला. घरी बसणं एकीलाही परवडणारं नव्हतं, तिलाही नाही. शेवटी तीच घमेलं घेऊन पुढे निघाली. बियाणं चाळायच्या यंत्राच्या पायऱ्यांपाशी तिचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं कागद आणला. बाई स्वतःच्या चपलेमुळे घसरली, कारखान्याचा दोष नाही, असं त्यावर लिहिलं होतं. चौथी शिकलेली मी एकटीच, म्हणून पहिली सही माझी. ती बघून बाकीच्यांनी अंगठे दिले. कारखान्यानं हात झटकले, आणि मावशीच्या दवाखान्याचा खर्च तिच्या भावावर पडला.

भावाकडे, किन्हीराजा गावात, मी भेटायला गेले तेव्हा ती बाजेवर पडून होती. मी खरं लिहून देते म्हटलं.

"मले आता उठता येत नाई, पोरी. तुले येते. लिवून देशीन त तुले बी काढतीन. मंग तुह्या लेकीले मी खाऊ घालू काय?"

तिनं मला माफ केलं की अडकवलं, अजून कळत नाही. रोज मी त्याच दारातून आत जाते. तिथं बोलता येत नाही, म्हणून लेकीच्या जुन्या वहीत लिहिते. मावशीच्या पायात चप्पल नव्हती. फरशी ओली होती. पाणी मुकादमानं टाकायला लावलं, आणि टाकलं मी.

खाली माझी सही.