फ्लॅट बुशमधलं मुद्दाम वाकडं घर

फ्लॅट बुश या आमच्या उपनगरातल्या निखिलच्या नव्या घरावर लाल स्टिकर लागला तेव्हा त्याची आई आत होती. लाल स्टिकर म्हणजे इमारत धोकादायक, आत पाऊल टाकायचं नाही. ड्राइव्हवेवर वास्तुशांतीची पाहुणेमंडळी ताटकळत उभी, आणि गुरुजींना दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अवोन्डेलला, दुसरी पूजा. निखिलचा मला फोन आला, "मंदारदादा, लवकर या. तुमचं घर पडतंय म्हणतात!"

'तुमचं' म्हणे! घर त्याचं, पण स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून डिझाइनवर सही माझी. आदल्या दिवशीचं वादळ साधं नव्हतं. घर खरंच हललं असेल तर माझं लायसन्स गेलंच समजा.

घराची भानगड अशी. निखिल इंग्लंडमध्ये नोकरीला असताना तिथल्या एका हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावरच्या, जुन्या लाकडी घराच्या प्रेमात पडला. तसल्या घरांत ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा सगळा भार घेतो. मधल्या जागा कामट्या आणि माती लिंपून भरतात. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे, रस्त्यावर डोकावणारा. ओक ओलंच वापरायचे. ते वाळताना पीळ खातं आणि घर हळूहळू झिंगल्यासारखं दिसायला लागतं.

"मला अगदी तस्सं हवंय," निखिल म्हणाला होता. "वाकडेपणासकट."

"अरे बाबा, मी सरळ बांधायला शिकलोय!"

शेवटी तोड काढली. आतला सांगाडा साध्या पाइनचा, ओळंब्यात, वरचा मजला तेवढा हातभर पुढे काढलेला. बाहेरून काळ्या फळ्या वाकड्यातिकड्या ठोकायच्या. त्या काहीच पेलत नाहीत, नुसता नट्टापट्टा. पण बिल्डरची माणसं सवयीने त्या सरळच ठोकायची. मी साइटवर जाऊन ओरडायचो, "वाकडं करा, वाकडं!"

मी पोचलो तेव्हा दारात असेसर टेरी उभा होता. वादळानंतर गल्लीतली घरं तपासायचं काम त्याच्याकडे.

"किया ओरा," त्याने इथल्या पद्धतीने नमस्कार केला. "वरचा मजला पुढे सरकलाय, मेट. खांब वाकलेत."

"ते मी वाकवलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. "का?"

मी म्हटलं, "आतून सरळ आहे. चल, दाखवतो."

"आत जायला बंदी आहे."

"मग सरळ आहे हे कळणार कसं?"

"सेफ आहे हे कळल्याशिवाय आत जाता येत नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून निखिलची आई, म्हणजे आमच्या काकू, कडाडल्या. "कोण रे तो बेल वाजवून लाल कागद चिकटवणारा? मी सोवळ्यात आहे. दूध उतू गेल्याशिवाय गॅसपासून हलायची नाही!"

नव्या घरात भरभराट व्हावी म्हणून दूध उतू घालतात, हे मी टेरीला समजावलं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

टेरीने एक सुस्कारा सोडला. पण आत बाई आहे म्हटल्यावर त्याला जाणं भागच होतं. त्याने मला हेल्मेट दिलं आणि आम्ही दबकत आत शिरलो.

त्याने जमिनीला लेव्हल लावली, भिंतींना लावली, दाराच्या चौकटींना लावली. बुडबुडा दरवेळी बरोबर मध्यावर. हुश्श! त्याच वेळी ओट्यावर दूध फसफसून वर आलं आणि पातेल्याच्या चारही बाजूंनी सारखंच ओघळलं.

"स्वीट अ‍ॅज!" टेरी खूश. म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. "याहून चांगली टेस्ट नाही." त्याने बाहेर जाऊन लाल स्टिकर काढला, राहायला हरकत नाही असा पांढरा लावला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकूंचं तोंड मात्र उतरलं होतं. "पूर्वेकडे जायला हवं होतं रे! हे सगळीकडे सांडलं. कसलं घर बांधलंस, मंदार?"

"काकू, ओटा लेव्हलमध्ये आहे म्हणून..."

"बाहेरून एवढं वाकडं केलंस, इथे जरासं करायला काय झालं होतं?"

काकूंनी पातेल्याखाली पश्चिमेच्या बाजूने चमचा सरकवला आणि दुसऱ्यांदा दूध तापवलं. ते बिनबोभाट पूर्वेला गेलं. गुरुजींनी घड्याळ बघत शंख फुंकला.

तेव्हापासून नवीन क्लायंट आला की माती, वारा, भूकंप सगळं नंतर. आधी विचारतो, दूध कुठल्या बाजूला उतू जायला हवंय?